जगाने ज्या ओपनिंगला ‘इंडियन’ नाव दिलं, तिच्यासमोर एक भारतीय बसला आणि कॅपाब्लांका हरला

अकोल्यात नाहीतर अमरावतीत एखादं पोरगं मोबाईलवर बुद्धिबळ खेळायला बसतं. समोरचा वजिरापुढचं प्यादं दोन घरं ढकलतो. पोरगं घोडा बाहेर काढतं, उंट कडेच्या घरात नेऊन बसवतं आणि चार-पाच चालींत स्क्रीनवर नाव झळकतं, किंग्ज इंडियन डिफेन्स. उंट दुसऱ्या बाजूला बसवला तर येतं क्वीन्स इंडियन.

नाव वाचून कोणालाही वाटेल की हा आपलाच माल आहे. पण पुस्तकं उघडली की या ओपनिंग ‘हायपरमॉडर्न’ प्रकारात मोडतात आणि त्यांचं श्रेय जातं १९२० च्या दशकातल्या युरोपियन खेळाडूंना. गंमत पुढेच आहे. याच दशकाच्या शेवटी एक भारतीय माणूस लंडनमध्ये उतरला. देशी बुद्धिबळात मुरलेला. त्याच्याबद्दल तिथल्या जाणकारांचं मत काय झालं, तर याला ओपनिंगमधलं काहीही कळत नाही.

त्या माणसाचं नाव मीर सुलतान खान. पाच वर्षांत त्याने तीनदा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं.

आधी हायपरमॉडर्न म्हणजे काय ते बघू, कारण त्याशिवाय या माणसाची गोष्ट अर्धीच कळते.

बुद्धिबळाच्या पटावर मधली चार घरं सगळ्यात महत्त्वाची. तिथे बसलेला घोडा आठ घरांवर नजर ठेवतो, कोपऱ्यात बसलेला फक्त दोन. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपात नियमच ठरून गेला होता की सुरुवातीलाच आपली प्यादी मध्यात उभी करायची. जागा ताब्यात घ्यायची आणि मग सैन्य बाहेर काढायचं.

पहिल्या महायुद्धानंतर रिचर्ड रेटी, ॲरन निम्झोविच, एर्न्स्ट ग्रुनफेल्ड अशी काही डोकी वेगळा विचार करायला लागली. त्यांचं म्हणणं सोपं होतं. मध्यात प्यादी उभी करणं म्हणजे मध्यावर ताबा असं काही नाही. बसू दे समोरच्याला तिथे. आपण घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवायचं, मोकळ्या झालेल्या घरात उंट बसवायचा आणि त्या लांबलचक तिरप्या रेषेवरून मध्यावर मारा करायचा. समोरच्याची प्यादी जितकी पुढे, तितकी ती सांभाळायची जबाबदारी जास्त. योग्य वेळी आपलं एक प्यादं त्यांच्यावर सोडलं की तो सगळा डोलारा डगमगतो.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रेटीने याच पद्धतीने तेव्हाच्या जगज्जेत्या होजे राऊल कॅपाब्लांकाला हरवलं. कॅपाब्लांका त्याआधी आठ वर्षं एकही डाव हरला नव्हता. त्याच वर्षी सॅव्हिली टार्टाकोवर या खेळाडूने या नव्या पंथावर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ‘हायपरमॉडर्न’ हे नाव रूढ झालं. हे टार्टाकोवर नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्याकडे या.

गावच्या पारावर जो जुना देशी पट मांडला जायचा, त्याचे नियम वेगळे होते. प्रांताप्रांतात थोडा फरक असायचा, पण एक गोष्ट जवळपास सगळीकडे सारखी होती. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता यायची. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं हवं ते मोहरं होत नसे, ज्या घरात पोचलं त्या घराचं मूळ मोहरं व्हायचं.

या एकाच घराच्या नियमाने सगळा खेळ बदलतो. प्यादं मध्यात न्यायला दोन चाली लागणार असतील तर घाईने तिथे जाण्यात अर्थच उरत नाही. मग माणूस काय करतो? एखादं प्यादं एक घर सरकवतो, उंट कडेला बसवतो, घोडे मागे ठेवतो, आपली मांडणी पूर्ण करतो आणि मगच भिडतो. म्हणजे युरोपने विसाव्या शतकात जे सिद्धांत म्हणून मांडलं, त्याच्या बऱ्याच जवळचं काहीतरी आपल्याकडे नियमाच्या सक्तीतून सवय म्हणून आलेलं होतं.

याचा लेखी पुरावाही आहे. १८४८ च्या सुमारास कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, त्या काळातला नावाजलेला खेळाडू. त्याला मोहेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली खेळाडू भेटला. देशी बुद्धिबळात त्याच्या गावाकडे त्याला कोणी हरवू शकत नव्हतं. दोघांचे बरेच डाव झाले आणि कॉक्रेनमुळे ते नोंदवलेही गेले. १८५५ सालच्या एका डावात बॅनर्जीने काळ्या मोहऱ्यांनी पहिल्या तीन चाली ज्या खेळल्या, त्यांना आज ग्रुनफेल्ड डिफेन्स म्हणतात. एर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती ओपनिंग मोठ्या स्पर्धांत आणली १९२२ साली. मधे ६७ वर्षांचं अंतर आहे. नाव मात्र ग्रुनफेल्डचं लागलं. ‘इंडियन’ हे सरसकट नाव या सगळ्या कुटुंबाला मिळालं ते बॅनर्जीसारख्यांच्या खेळामुळे, पण त्यात माणसाचं नाव कुठे आलं नाही.

सुलतान खानचा जन्म पंजाबातल्या मिठा तिवाना या गावचा, साल साधारण १९०३. आज हा भाग पाकिस्तानात, खुशाब जिल्ह्यात येतो. वडील मियां निजामुद्दीन यांनी नवव्या वर्षी त्याला देशी बुद्धिबळ शिकवलं. एकविशीत येईपर्यंत पंजाबात त्याच्या तोडीचा खेळाडू नाही असं बोललं जाऊ लागलं होतं.

मिठा तिवानाच्या परिसरातला बडा जमीनदार म्हणजे सर उमर हयात खान तिवाना. ब्रिटिश सैन्यात मानाचा हुद्दा, सरकारदरबारी वजन आणि बुद्धिबळाचा शौक. त्याने या तरुणाला आपल्या पदरी घेतलं. पगार ठरला, काम एकच, बुद्धिबळ खेळायचं आणि युरोपियन नियम शिकायचे. १९२८ साली दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा झाली, ती सुलतान खानने ९ पैकी साडेआठ गुण घेऊन मारली.

१९२९ मध्ये सर उमरची भारतमंत्र्यांच्या सल्लागार मंडळावर नेमणूक झाली आणि त्याचा मुक्काम लंडनला हलला. सोबत सुलतान खानही गेला.

तिथे त्याच्या सरावासाठी एक छोटी स्पर्धा भरवली गेली. त्यात तो शेवटच्या जागेवर राहिला. कारण उघड होतं. युरोपियन खेळाडू पहिल्या दहा-बारा चाली पाठ करून यायचे. कोणत्या चालीला कोणतं उत्तर, कुठे सापळा आहे, सगळं तोंडपाठ. याच्यासाठी प्याद्याचं दोन घरं चालणंच अजून नवीन होतं. विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोन ब्रिटिश खेळाडूंनी मग त्याची तयारी करून घेतली. काही महिन्यांनी, त्याच उन्हाळ्यात रॅम्सगेटला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि जिंकली सुलतान खानने. शिकवणारे दोघंही त्याच स्पर्धेच्या वर्तुळातले, म्हणजे त्यांच्यासाठी हा प्रकार थोडा महागातच पडला म्हणायचा.

मधे तो भारतात येऊन गेला आणि १९३० च्या मे महिन्यात परत युरोपात पोचला. लीज इथल्या स्पर्धेत टार्टाकोवर पहिला आला आणि सुलतान खान दुसरा. त्याच्या मागे राहिलेल्यांत खुद्द निम्झोविच होता, ज्याच्या पुस्तकावर आजही जगभरातली पोरं पोझिशनल खेळ शिकतात.

मग आली हेस्टिंग्ज. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या या गावात दरवर्षी नाताळच्या सुट्टीत स्पर्धा भरते. १९३०-३१ च्या स्पर्धेत कॅपाब्लांका होता. जगज्जेतेपद १९२७ ला अलेखाइनकडे गेलं होतं, तरी त्याला हरवणं ही अजूनही बातमी होती.

सुलतान खानकडे पांढरी मोहरी होती. कॅपाब्लांकाने काळ्याने घोडा काढला, मग वजिराच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकवलं आणि त्याच्या मागे बी७ वर उंट बसवला. म्हणजे क्वीन्स इंडियन, अस्सल हायपरमॉडर्न मांडणी. इंडियन ओपनिंग क्युबाचा माणूस खेळतोय आणि समोर बसलाय इंडियन.

या मांडणीमागचं काळ्याचं गणित असं असतं. बी७ वरचा उंट लांबच्या तिरप्या रेषेवरून डी५ आणि ई४ या मधल्या घरांवर डोळा ठेवतो. पांढऱ्याला ई४ वर प्यादं आणायचं असतं, त्याला आधार असतो सी३ वरच्या घोड्याचा. म्हणून काळा आपला दुसरा उंट बी४ वर आणून तो घोडा जखडून टाकतो. घोडा जखडला की ई४ चं स्वप्न लांबलं.

पाचव्या चालीला सुलतान खानने कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. ए३. बस्स. दिसायला किती बिचारी चाल आहे बघा. कोणावर हल्ला नाही, कोणतं मोहरं बाहेर येत नाही. पण आता काळ्या उंटाला बी४ वर येता येत नाही. घोडा मोकळा राहिला आणि ई४ ची धमकी कायम राहिली. काळ्याला मध्यात काहीतरी करणं भाग पडलं. कॅपाब्लांकाने डी५ वर प्यादं आणलं, पांढऱ्याने ते मारलं आणि कॅपाब्लांकाने उलट प्याद्यानेच मारलं. झालं काय, तर त्याचंच प्यादं डी५ वर बसलं आणि बी७ च्या उंटाची तिरपी रेषा त्याच्याच प्याद्याने बंद केली. ज्या उंटाच्या जिवावर ही ओपनिंग उभी असते तोच आता भिंतीकडे तोंड करून बसला होता.

नुसत्या एवढ्याने डाव संपत नाही आणि संपलाही नाही. पुढे कॅपाब्लांकाचे हत्ती सी पट्टीवरून पांढऱ्याच्या घरात घुसले. तेव्हा सुलतान खानने आपला वजीर देऊन ते दोन्ही हत्ती घेतले. काळ्याकडे वजीर उरला, पण पांढऱ्याची तटबंदी इतकी घट्ट की त्या वजिराला चालायला घरच मिळेना. पंधरा-वीस चाली तो एका कोपऱ्यात येरझाऱ्या घालत राहिला. पांढऱ्याने तोवर प्यादी एकेक घर पुढे रेटली. या पूर्ण डावात सुलतान खानने किल्लेकोट केलाच नाही. त्याचा राजा स्वतःच्या पायांनी चालत पटाच्या दुसऱ्या टोकाला, ए३ पर्यंत गेला आणि सुखरूप राहिला. ६५ व्या चालीनंतर कॅपाब्लांकाने हार मानली. स्पर्धेत सुलतान खान तिसरा आला, युवे आणि कॅपाब्लांका यांच्या मागे.

ए३ ची ही पद्धत आज कोणत्याही ॲपवर खेळून बघा, नाव येईल पेट्रोसियन व्हेरिएशन. तिग्रान पेट्रोसियन पुढे जगज्जेता झाला, त्याने ही चाल वारंवार खेळली, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅस्पारोव्हने तिला धारदार हत्यार बनवलं. पण हेस्टिंग्जच्या त्या डावाच्या वेळी पेट्रोसियन दीड वर्षांचा होता.

आता हे वाचून कोणी उद्यापासून हायपरमॉडर्न खेळायला लागणार असेल तर थोडं थांबा. नुकतंच शिकलेल्या खेळाडूचे या ओपनिंगमध्ये हाल होतात. उंट कडेला बसतो, प्यादी एकेक घर सरकतात, मांडणी छान दिसते आणि समोरचा मध्यात चार प्यादी आणून श्वास कोंडतो. अशी मांडणी करून मध्यावर घाव न घालणं म्हणजे कपाशी लावून वेचणीला न जाण्यासारखं आहे. त्यामुळे सुरुवातीला सरळ मध्यात प्यादी उभी करूनच खेळावं, कारण जागा म्हणजे काय हे कळल्याशिवाय ती समोरच्याला देण्याचा अर्थ कळत नाही.

चार स्पर्धा खेळलेल्याने एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, माझं कोणतं प्यादं मध्यावर घाव घालणार आहे आणि केव्हा? किंग्ज इंडियनमध्ये ते बहुतेकदा ई५ किंवा सी५ असतं. त्याचं उत्तर नसेल तर ओपनिंग अजून आलेली नाही, नुसत्या चाली पाठ झाल्यात. आणि त्याच्याही वरच्या पातळीवर भांडण एका एका चालीचं असतं. कॅपाब्लांकाने डी५ वर प्याद्याऐवजी घोड्याने मारलं असतं तर उंटाची रेषा उघडी राहिली असती. आज तिथे मुख्य चाल म्हणून घोड्यानेच मारतात. अमरावतीला स्वप्नील धोपाडेसारखा ग्रँडमास्टर मिळालाय, त्या पातळीचे खेळाडू तास न् तास घालवतात ते अशाच एखाद्या फरकावर.

सुलतान खानकडे हे सगळं घोकलेलं नव्हतं. ओपनिंगमध्ये तो खरोखरच कच्चा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. कित्येक डावांत तो पहिल्या पंधरा चालींत मागे पडायचा आणि मग मधल्या खेळात, शेवटच्या खेळात समोरच्याला ओढत न्यायचा. पण कच्चा म्हणजे अडाणी नव्हे. संथ चालींमागे मांडणीची जाण होती, फक्त ती त्यांच्या पुस्तकात छापलेली नव्हती.

१९३१ च्या जानेवारीत त्याचा सामना झाला टार्टाकोवरशी. हायपरमॉडर्नचं पुस्तक लिहिणारा तोच. बारा डाव झाले आणि सुलतान खान साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. त्याच वर्षी प्रागच्या ऑलिम्पियाडमध्ये तो इंग्लंडच्या पहिल्या पटावर खेळला. सतरा डावांत आठ जिंकले, सात बरोबरीत, दोन हरले. हरवलेल्यांमध्ये फ्लोर आणि रुबिनस्टाइन होते, बरोबरी साधलेल्यांमध्ये जगज्जेता अलेखाइन आणि हो, एर्न्स्ट ग्रुनफेल्डसुद्धा. १९३२ आणि १९३३ चं ब्रिटिश अजिंक्यपद पुन्हा त्याचंच. १९३३ चं महिलांचं अजिंक्यपद जिंकलं मिस फातिमाने, तीही सर उमरच्याच घरातून आलेली.

इंग्लंडची हवा त्याला कधी मानवली नाही. सर्दी, ताप, घशाचा त्रास सतत चालू. गळ्याला पट्ट्या गुंडाळून तो पटावर बसायचा. इंग्रजी जेमतेम. समोरच्यांना तो गूढ वाटायचा आणि त्यातून गोष्टी तयार झाल्या. अमेरिकन खेळाडू रूबेन फाइनने नंतर लिहिलं की सर उमरच्या घरी जेवायला गेलो तेव्हा वाढायला सुलतान खान होता आणि त्यामुळे आम्हालाच अवघडल्यासारखं झालं. हीच गोष्ट वर्षानुवर्षं फिरली आणि ‘नोकर असलेला, निरक्षर जीनियस’ ही त्याची ओळख बनून गेली. २०२० साली त्याच्यावर इंग्रजीत आलेल्या पुस्तकाच्या नावातही नोकर हा शब्द होता. त्याच्या नातीने आणि घरच्यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. आमच्या घरची शेतीवाडी होती, ते शिकलेले होते, असं त्यांचं म्हणणं आहे. पाश्चात्त्य आठवणींतला सुलतान खान आणि घरच्यांच्या आठवणीतला सुलतान खान हे दोन वेगळे लोक वाटतात. त्यातल्या त्यात, जो माणूस पगारी खेळाडू म्हणून आला होता त्याला वाढपी म्हणून लक्षात ठेवणं हे जास्त सोयीचं होतं, एवढं दिसतं.

१९३३ च्या डिसेंबरमध्ये सर उमर भारतात परतला आणि त्याच्यासोबत सुलतान खानही. युरोपातली कारकीर्द तिथेच संपली. जगातल्या पहिल्या दहांत गणना होणारा खेळाडू तिशीत घरी येऊन बसला.

१९३५ मध्ये त्याचा एक सामना झाला व्ही. के. खाडिलकरांशी. दहा डाव झाले. खाडिलकरांना एक बरोबरी मिळाली, बाकी नऊ सुलतान खानने घेतले. त्यानंतर मोठ्या पटावरून तो दिसेनासा झाला. १९४४ ला सर उमर वारला. फाळणीनंतर सुलतान खानचं गाव पाकिस्तानात गेलं आणि तो आपल्या जमिनीवर शेती करत राहिला. इकडे भारतात आंतरराष्ट्रीय नियमांनी पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती १९५५ ला, आंध्रातल्या एलुरूमध्ये. त्यात महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. देशी नियमांचा पट तोवर मागे पडायला लागला होता.

मधे १९५० साली जागतिक संघटना फिडेने पहिल्यांदा ग्रँडमास्टर किताब दिले. खेळ केव्हाच थांबवलेल्या रुबिनस्टाइनला तो मिळाला, टार्टाकोवरला मिळाला, ग्रुनफेल्डला मिळाला. सुलतान खानला कुठलाच किताब मिळाला नाही.

आपल्या मुलांना त्याने बुद्धिबळ शिकवलं नाही. आयुष्यात याहून उपयोगाचं काहीतरी करा, असं तो सांगायचा, अशी त्याच्या मोठ्या मुलाची आठवण आहे. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्यात क्षयरोगाने त्याचं निधन झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत फिडेने इस्लामाबादमध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर जाहीर केलं.

कॅपाब्लांकाविरुद्धचा डाव बघायचा असेल तर कोणत्याही मोफत बुद्धिबळ डेटाबेसवर सुलतान खान, हेस्टिंग्ज १९३०-३१ असं शोधलं की मिळतो. ६५ चाली आहेत. पाचव्या चालीपाशी थांबा आणि तिथून पुढे काळ्याकडून काय खेळाल ते आधी स्वतः ठरवा.